ओव्हर देऊन केलेला संप

आमच्या नर्सेस युनियनचं ऑफिस शवागाराला लागून असलेल्या खोलीत होतं. जागा द्या, जागा द्या म्हणून आम्ही तीन वर्षं प्रशासनाच्या मागं लागलो होतो, तेव्हा अख्ख्या सरकारी दवाखान्यात त्यांना तेवढी एकच खोली रिकामी सापडली. अध्यक्षबाईंना तो अपमान वाटला. मला जागा पसंत होती. मीटिंग चालू असताना कुणी डोकवायला येत नसे, आणि आम्ही कितीही आरडाओरडा केला तरी शेजाऱ्यांची तक्रार नसायची.

मी त्या युनियनची चिटणीस होते. चिटणीस म्हणजे ठराव लिहायचे, पत्रं लिहायची, चहा सांगायचा आणि घोषणा द्यायच्या. घोषणांना माझा आवाज चालायचा; मलकापूरकडच्या पावसात या शेतातून त्या शेतात हाका मारून तो तयार झाला होता. अध्यक्षबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, बाळंतपणाच्या वॉर्डाच्या इनचार्ज. निम्मं कोल्हापूर आपल्या हातून जगात आलंय, तेव्हा उरलेल्या निम्म्यानंही आपलं ऐकलं पाहिजे, असा त्यांचा समज होता.

नव्वदच्या दशकात आमचा सगळ्यात मोठा लढा टोपीचा. आम्हाला डोक्यावर कांजी केलेली पांढरी टोपी घालावी लागायची. पेशंटवर वाकलं की ती घसरायची, पिनांनी डोकं दुखायचं, आणि पंख्याखाली उभं राहिलं की उडायची. आम्ही लिहिलं, टोपी बंद करा. वरून उत्तर आलं, टोपी हा पेशाचा सन्मान आहे. हा सन्मान एकदा माझ्या डोक्यावरून निसटून एका पेशंटच्या पिठल्यात पडला. त्या बाबानं तो दोन बोटांनी उचलून मला परत दिला आणि उरलेलं पिठलं शांतपणे खाल्लं. मी तो प्रसंग पुढच्या पत्रात लिहिला. त्यामुळं म्हणा, की वरचा साहेब बदलला त्यामुळं म्हणा, टोपी गेली. आम्ही पेढे वाटले. एवढ्या लढाईनंतर आपण काहीही करू शकतो असं आम्हाला वाटायला लागलं, आणि घात तिथंच झाला.

कारण दोन हजार सालानंतर कंत्राटी पोरी आल्या. म्हाताऱ्या सिस्टर रिटायर व्हायच्या आणि त्यांच्या जागा रिकाम्याच राहायच्या. त्या भरायच्या सोडून सरकारनं अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर मुली घ्यायला सुरुवात केली. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसवायचं, मग मुदतवाढ देऊन पुन्हा अकरा महिने. मधला तो एक दिवस अशासाठी, की उद्या कुणी उठून म्हणू नये, आम्ही सलग नोकरी केली, आम्हाला कायम करा. पगार आमच्या एक तृतीयांश, रजा नाही, आणि कामाला नाही म्हणायची सोय नाही.

आम्ही भडकलो. पोरींवर नव्हे, धोरणावर, असं आम्ही म्हणायचो. पण धोरण काही आमच्या वॉर्डात येऊन उभं राहत नव्हतं, पोरी उभ्या राहत होत्या. त्यामुळं राग जायचा तिकडंच जायचा.

माझ्या हाडांच्या वॉर्डात आली ती गगनबावड्याची. बारीक, काळीसावळी, कामाला पाऱ्यासारखी. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ‘मी येतो, मी करतो’ बोलायची. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, “प्लास्टर घातलेल्या पेशंटला पहिल्यांदा काय बघायचं?” तर म्हणाली, “बोटं बघायची, सिस्टर. गार हायत का, हलत्यात का. आन् मग नातेवाईक बघायचं.”

“नातेवाईक का?”

“त्येच वाट लावत्यात की.”

मला ती तिथंच आवडली. हाडांच्या वॉर्डात मोडलेल्या पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला विटा लोंबकळत ठेवायच्या असतात, म्हणजे हाड ताणून सरळ बसतं. आमची पाठ वळली की नातेवाइकांना पाझर फुटतो आणि ते त्या विटा हळूच स्टुलावर टेकवतात. बिचाऱ्याला जरा बरं वाटू दे. बिचारा मग जन्मभर लंगडतो. खाट नंबर सातवर पोरगा होता, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला, आणि त्याची आई या कलेत पारंगत होती. मी तिला समजावलं, दटावलं, वॉर्डाबाहेर काढायची धमकी दिली. कशाचा उपयोग झाला नाही. या पोरीनं काय केलं, तर कुणाकडून तरी जोतिबाचा गुलाल आणला आणि विटेवर टिकला लावला. म्हणाली, “मावशी, ही वीट आता देवाची हाय. हात लावायचा न्हाय.” दुसऱ्या दिवसापासून ती बाई विटेला फूल वाहायला लागली. हाड सरळ बसायला लागलं.

तिच्या घरी आई आणि बारावीतली धाकटी बहीण. घर हिच्या पगारावर. तिची पहिली ऑर्डर त्या महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होती आणि मुदतवाढ मिळेल की नाही याचा घोर तिला लागला होता. एके दुपारी ड्रेसिंगचे बोळे करता करता तिनं मला विचारलं, “सिस्टर, युनियनमदी आमाला घ्या की.”

“का गं?”

“आमचं बी कोनतर बोलंल.”

मी म्हणाले, मीटिंगमध्ये विषय काढते. ती खूश झाली. इतकी, की दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरच्या फणसाचे गरे घेऊन आली, आणि मी ते खाल्ले.

मीटिंगमध्ये मी विषय काढला, हे खरं आहे. शवागाराशेजारच्या त्या खोलीत आम्ही पंचवीसेक जणी होतो. मी म्हणाले, कंत्राटी मुलींना सभासद करून घ्यावं असा एक विचार आहे. कुणाचा विचार, ते मी सांगितलं नाही.

अध्यक्षबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “खुळी का काय तू? आपली मागणी काय? कंत्राट बंद करा. आन् कंत्राटवाल्यांनाच आत घ्यायचं? उद्या त्या आपल्यापेक्षा जास्त हुत्याल, आन् आपल्याच मानगुटीवर बसून आपल्याच मागणीला न्हाय म्हणत्याल.”

तर्क बिनतोड होता. कुणीतरी म्हणालं, त्यांना युनिफॉर्मची शिस्त नाही, पंजाबी ड्रेसवर अ‍ॅप्रन घालतात. टोपीविरुद्ध सात वर्षं लढलेल्या बायका आता पंजाबी ड्रेसच्या काळजीत पडल्या होत्या. मग मतदान झालं. सभासद करून घेऊ नये या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर हात वर गेले. माझा गेला नाही. करून घ्यावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावरही माझा गेला नाही. मी इतिवृत्त लिहीत होते. एका हातात पेन होतं आणि दुसऱ्यानं वही धरली होती.

आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. माझे आजोबा गावच्या चावडीच्या पायरीखाली उभे राहून बोलायचे, आणि वडील त्याच गावात मास्तर होऊन खुर्चीत बसले. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आणि तरी मी त्या दिवशी दाराच्या आत बसून नीटनेटका ठराव लिहिला आणि खाली सही केली. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही. नंतर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पोरीला मी सांगितलं, विषय काढलाय, विचार चालू आहे. सरकारी नोकरीत राहून सरकारसारखं बोलायला मी शिकलेच होते.

मग आम्ही बेमुदत संपाची नोटीस दिली. मागणी क्रमांक एक मीच लिहिली: कंत्राटी परिचारिकांची भरती व मुदतवाढ तात्काळ बंद करावी व सर्व रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. अध्यक्षबाईंनी जोतिबाला नारळ बोलला. ठरलं असं, की बावीस तारखेला दुपारी दोनला, पाळी बदलायच्या वेळेला बाहेर पडायचं. दुपारच्या पाळीच्या सिस्टर येणारच नाहीत. सकाळच्यांनी दोनचा ठोका पडला की किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि कुणाशी एक शब्द न बोलता गेटवर यायचं. “मागं वळून बघायचं न्हाय,” अध्यक्षबाईंनी बजावलं होतं.

आता ओव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्यूटी संपताना नर्स पुढच्या पाळीच्या नर्सला वॉर्ड सोपवते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं आणि सांगायचं, याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचंय, काय बघायचं. जिला द्यायची ती येईपर्यंत हलायचं नाही. आमच्या ट्रेनिंगच्या बाई म्हणायच्या, घराला आग लागली असली तरी आधी ओव्हर, मग बंब. तीन वर्षं हे त्यांनी आमच्या डोक्यात असं ठोकून बसवलं होतं, की माझं लग्न लागून सासरी निघाले तेव्हा मी आईला ओव्हर दिली होती, कोणत्या डब्यात काय आहे याची.

त्या दिवशी दोन वाजले. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. समोर ती पोर उभी. कंत्राटी पोरींना वरून तंबी होती, संपात गेलात तर ऑर्डर रद्द. चाळीस खाटांचा वॉर्ड आणि ती एकटी, सोबतीला फक्त आमचे वॉर्डबॉय मामा.

मी दारापर्यंत गेले, खरंच गेले. पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी मागं वळले आणि म्हणाले, “चल, खाट एक.”

पाऊण तास लागला. नुसती पेशंटची ओव्हर देऊन मी थांबले नाही. प्रत्येक सिस्टर आपल्या वॉर्डातलं चांगलं सामान दुसऱ्या वॉर्डांपासून लपवून ठेवते. ते कुठं आहे ते सांगितलं. धारदार कात्र्या जुन्या एक्सरेच्या पाकिटात. सक्शनची नवी नळी माळ्यावर, फुटक्या बेडपॅनच्या आत, कारण तिथं कुणी हात घालत नाही. हाऊसमन डॉक्टर राऊंडला आले नाहीत तर कँटीनमध्ये निरोप पाठवायचा. मामांना काम सांगायचं तर आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची. कमांडर उठून शत्रूला किल्ल्याचा नकाशा देतो, तसं ते झालं. फक्त तेव्हा मला ती शत्रू वाटत नव्हती आणि मी कमांडरही नव्हते, सिस्टर होते.

तीनला मी चोरासारखी गेटवर पोचले. म्हटलं, अध्यक्षबाई आता शेलकी हासडणार. संपाचा मांडव गेटवरच घातला होता, त्यात चारच जणी होत्या. मग एकेक येत गेल्या. एकीला म्हणे सासूचा फोन आला होता. एकीची चप्पल तुटली होती. एक म्हणाली, बाथरूममध्ये अडकले. सगळ्या तास, सव्वा तास उशिरा, आणि कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. सगळ्यात शेवटी साडेतीनला कोण आलं, तर अध्यक्षबाई. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “एक बाई अडली हुती. सोडून कशी येणार?” मांडी घालून बसताना म्हणाल्या, “घरचा फोन नंबर दिलाय तिथल्या पोरीला. लागला तर असावा.”

दोनला पुकारलेला संप असा साडेतीनला सुरू झाला.

पुढं तर बघायलाच नको. रोज मांडवात आम्ही घोषणा द्यायला लागलो की मधेच आतून एखादी कंत्राटी पोर धावत यायची आणि कानाशी लागायची. बारा नंबरची जखम ओली वाटतीय, काय करू? तिला सांगून झालं की पुढची घोषणा. ‘कंत्राट पद्धत’ मी म्हणायची, ‘बंद करा’ बाकीच्या म्हणायच्या, आणि कंत्राट पद्धत माझ्या शेजारी उभी राहून जखमेतली ड्रेनची नळी किती वाजता काढायची ते विचारून घ्यायची. एकदा तर पेशंटचा नातेवाईकच आला. म्हणाला, “बाई, तुमचं चालू द्या निवांत. आत समदं झ्याक चाललंय.”

एका वार्ताहरानं छापलं, संपाचा रुग्णसेवेवर परिणाम नाही. ते वाचून अध्यक्षबाईंनी पेपर चुरगाळला. मी मात्र आधी पूर्ण वाचला, कारण खाली हाडांच्या वॉर्डाचं कौतुक होतं. खरं सांगते, मला अभिमान वाटला. आपणच केलेला संप फसतोय आणि आपल्याला अभिमान वाटतोय, अशी बुद्धी देव कुणाला न देवो.

एक तारखेला सकाळी मोठ्या साहेबांनी चर्चेला बोलावलं. आम्ही पाच जणी गेलो. साहेबांनी मागणीपत्र वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, “कायम पदं भरणं माझ्या हातात नाही. ते वर पाठवतो. पण कंत्राटी भरती आणि मुदतवाढ बंद, हे मी आत्ता मान्य करतो.” आणि त्यांनी सही केली. इतक्या चटकन केली, की तिथंच शंका यायला हवी होती. मुली एका ठेकेदाराकडून आणखी स्वस्तात घ्यायच्या, असं आधीच ठरलेलं होतं. आधीच्या पोरींना काढायला त्यांना फक्त निमित्त हवं होतं, आणि ते आम्ही नऊ दिवस उन्हात बसून त्यांना नेऊन दिलं. हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, ठेकेदाराच्या मुली आल्या तेव्हा.

त्या दिवशी मात्र आम्ही जिंकलो होतो. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मान्य झाला होता आणि आम्ही तेवढाच मोठ्यानं वाचला. अध्यक्षबाईंनी जोतिबाचा गुलाल काढला, चांगभलं म्हणत सगळ्यांना फासला. आमच्या घरात छप्पन्न सालापासून गुलाल फक्त निवडणुकीत आणि संपात लागतो. मीही कपाळ पुढं केलं. कोणीतरी पेढे आणले. मी दोन खाल्ले आणि दुपारच्या ड्यूटीवर दोनला वॉर्डात गेले.

पोर टेबलापाशी उभी होती. माझ्या कपाळाकडं बघून हसली. तिला सगळं कळलेलं होतं. दवाखान्यात बातमी स्ट्रेचरच्या आधी पोचते. तिनं वही उचलली आणि म्हणाली, “चला सिस्टर, खाट एक.”

तिनं मला ओव्हर दिली. मी दिली होती त्याहून चांगली. नऊ दिवसांत तिनं जागेवर नसलेलं सगळं जागेवर आणलं होतं. सातच्या आईनं विटेला हार घातला होता. चौदाचा म्हातारा जेवत नव्हता, तो आता जेवायला लागला होता; त्याची कवळी घरून आणा असं त्याच्या मुलाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, ते तिनं सांगितलं. मी ती तीन आठवडे अरुची समजत होते. तेविसाला तीन वाजता इंजेक्शन होतं. खाट चाळीसपाशी आम्ही थांबलो.

“झालं, सिस्टर,” ती म्हणाली. “तुमची मागणी मान्य झाली म्हनं.”

“हो.”

“एक नंबरची.”

“हो.”

“ती मीच की.”

कपाळावरचा गुलाल घामानं ओघळून भुवईत आला होता. मी म्हणाले, आणि हे सांगताना आजही मला स्वतःचा राग येतो, मी म्हणाले, “वैयक्तिक घेऊ नकोस गं. मुदत तुझी संपेल तेव्हा आपण वर काहीतरी बोलू.”

“मुदत काल संपली, सिस्टर. काल एकतीस.”

“मग आज कशाला आलीस? आजचा तर तुला पगारही नाही.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी ट्रेनिंगला आलेली पहिल्या वर्षाची पोरगी होते.

“ओव्हर घ्यायला कोन न्हवतं,” ती म्हणाली. “मग कसा जानार मी?”

तिनं वहीत सही केली, वही माझ्याकडं सरकवली. मी ओव्हर घेतली म्हणून खाली सही केली. तिनं अ‍ॅप्रन काढून त्याची घडी घातली, तो पिशवीत ठेवला, मामांना त्यांचा गुडघा कसा आहे ते विचारलं, आणि गगनबावड्याची गाडी गाठायची म्हणून जिन्याकडं गेली. मला तिच्या मागं धावायचं होतं. तिला थांबवायचं होतं, हाताला धरून साहेबांच्या खोलीत न्यायचं होतं, अध्यक्षबाईंच्या पुढ्यात उभं करायचं होतं. पण वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं आणि चाळीस खाटांची ओव्हर मी घेतलेली होती.